निकेल, गंधक आणि ‘विषबाधा’ या शब्दाचा घोळ

निकेलचं गंधकाशी वाकडं आहे, हे अमोनिया कारखान्यांतले रिफॉर्मर (निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेनपासून हायड्रोजन काढणारी यंत्रणा) चालवणाऱ्यांना इंधन घटांच्या (इंधनातून थेट वीज काढणाऱ्या उपकरणांच्या) कितीतरी आधी ठाऊक होतं. पृष्ठभागावर गंधकाचा एक अणू बसला की निकेलचे साधारण दोन अणू कामातून जातात. तरीही घन ऑक्साइड इंधन घटांत, म्हणजे सिरॅमिकच्या, खूप तापवून चालवायच्या घटांत, निकेल आणि यट्रियायुक्त झिर्कोनिया हे सिरॅमिक यांचाच ॲनोड (इंधनाच्या बाजूचा विद्युतअग्र) रुळला. त्याचं एक पेटंट 1970 चं आहे. सुरुवातीचे घट 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास चालायचे. त्या धगीत गंधकाचे अणू निकेलला तितके घट्ट चिकटून राहत नाहीत, म्हणून घाई कुणालाच नव्हती.

घाई सुरू झाली ती तापमान खाली आणताना. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी मोजमापांत 1000 अंशांवर 2 पीपीएम (दहा लाखांत 2 भाग) हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूला घट कुरकुरू लागला, 900 वर 0.5 ला आणि 750 वर अवघ्या 0.05 ला. म्हणजे साधं पोलाद वापरता यावं म्हणून अडीचशे अंश उतरायचे, तर इंधन चाळीसपट स्वच्छ हवं.

खरा घोळ आहे तो गंधकाने निकेल निकामी होण्याला दिलेल्या ‘विषबाधा’ या शब्दात. आलेख सगळ्यांचा सारखाच: गंधकयुक्त वायू सोडला की काही मिनिटांत व्होल्टेज धाडकन उतरतं, मग शेकडो तास थोडं थोडं घसरत राहतं. वायू पुन्हा शुद्ध केला की पहिली घसरण बरीचशी भरून येते. पण प्रयोग संपल्यावर घट थंड करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर निकेलचे गुळगुळीत कण खडबडीत झालेले दिसत आणि क्ष-किरणांत निकेल सल्फाइडच्या खुणा उमटत. निष्कर्ष तयारच होता: निकेलचं सल्फाइड झालं, म्हणून घट मेला. हे पटायला अवघड होतं, कारण 800 अंशांवर सल्फाइडचा थर बनायला हायड्रोजन सल्फाइड हजारांच्या घरात पीपीएम लागतं आणि प्रयोगात ते असायचं फार तर शंभरेक. 2007 च्या सुमारास घट तापलेला असतानाच त्यावर रामन वर्णपटमापन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) केलं गेलं. सल्फाइड दिसलंच नाही. त्याच वायूत घट थंड होऊ लागला, तशा खुणा उगवल्या. शवविच्छेदनात सापडलेलं विष मृत्यूनंतर आत शिरलं होतं म्हणायचं! त्याच सुमारास निकेल-गंधकाचा प्रावस्था-आलेख (कोणत्या परिस्थितीत कोणतं रूप टिकतं ते दाखवणारा नकाशा) गणनेने नव्याने काढला गेला आणि ‘पृष्ठभागावर चिकटलेलं गंधक’ याला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. इतकं होऊनही ‘सल्फायडेशन’ (सल्फाइड बनणं) हा शब्द सैलपणे वापरला जातोच.

मोजण्याच्या पद्धतीवरूनही असाच वाद झाला. प्रवाह स्थिर ठेवून व्होल्टेजची घसरण मोजली, तर जास्त प्रवाहात बाधा वाढल्यासारखी दिसते. व्होल्टेज स्थिर ठेवून ॲनोडचा रोध पाहिला, तर ती कमी दिसते. भांडण बरंचसं व्याख्येचं होतं.

पुढच्या काळात उपायांची रेलचेल झाली. 2006 मध्ये स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम आणि मॉलिब्डेनमचा दुहेरी पेरोव्हस्काइट (एका विशिष्ट स्फटिकरचनेचा ऑक्साइड) ॲनोड म्हणून आला, 2009 मध्ये निकेलसोबत प्रोटॉनवाहक बेरियम सिरॅमिक घालून 50 पीपीएमपर्यंत तग धरणारा ॲनोड. विज्ञान नियतकालिकांना हे फार आवडलं. बाजाराने मात्र इंधनातलं गंधक आधीच अडवणारी गाळणीच निवडली, आणि माझ्या मते योग्यच केलं. जपानमध्ये 2011 पासून विकल्या गेलेल्या या घटांच्या घरगुती संचांपुढे अडचण होती ती गॅसला मुद्दाम दिलेल्या वासाची, म्हणजे त्यासाठी घातलेल्या गंधकाच्या संयुगांची. आपल्या सिलिंडरमधलं मर्कॅप्टन त्याच कुळातलं. हायड्रोजन सल्फाइड झिंक ऑक्साइडवर 300 ते 400 अंशांना सहज अडतं. वासासाठीचं डायमिथाइल सल्फाइड चिवट, त्याला साध्या तापमानाला पकडायचं तर चांदीयुक्त झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज) लागतं.

गाळणी संपली आणि घट मिथेनवर चालत असेल, तर आधी मार बसतो रिफॉर्मिंगला, म्हणजे मिथेनपासून हायड्रोजन बनण्याला. हायड्रोजनच्या ऑक्सिडीकरणाला तितका नाही. शुद्ध हायड्रोजनवर मोजलेल्या सहनशीलतेच्या आकड्यांत हा मार दिसतच नाही.