६०० किलो युरेनियम आणि एक कुलूप

१९९४ सालच्या मार्चमध्ये कझाकस्तानच्या पूर्वेकडील उस्त-कामेनोगोर्स्क शहरातल्या उल्बा धातुकारखान्यात एका अमेरिकी रसायन अभियंत्याला एक गोदाम दाखवण्यात आले. दाराला साधे कुलूप होते. आत धातूचे डबे मांडलेले होते आणि दोन डब्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली होती, कारण असे डबे खेटून रचले तर एका डब्यातून सुटलेले न्यूट्रॉन शेजारच्या डब्यातील अणू फोडू लागतात आणि साखळी प्रक्रिया सुरू होण्याचा धोका असतो. त्या डब्यांत मिळून सुमारे ६०० किलो उच्च समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचे प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेले युरेनियम, होते. सोव्हिएत नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ते तयार झाले होते. पुढे त्या पाणबुड्यांचा प्रकल्प गुंडाळला गेला, मग सोव्हिएत संघही उरला नाही, आणि वीसहून अधिक अणुबॉम्बना पुरेल एवढा हा माल नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या पदरी पडला.

अणुबॉम्ब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुप्त सूत्रे येतात. त्यामागचे मूळ भौतिकशास्त्र मात्र कित्येक दशकांपासून पदवीच्या पुस्तकांत छापलेले आहे. अडते ते पदार्थापाशी. उच्च समृद्ध युरेनियम आणि प्लुटोनियम हेच बॉम्बचे प्रमुख पदार्थ, आणि दोन्ही बनवायचे तर एखाद्या राष्ट्राच्या ताकदीचे कारखाने लागतात. दहशतवादी टोळीला ते परवडणारे नाही, त्यामुळे तिला हा पदार्थ चोरावा तरी लागेल किंवा विकत तरी घ्यावा लागेल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेबासाठी युरेनियम-२३५ चे, म्हणजे युरेनियमच्या सहज फुटणाऱ्या प्रकाराचे, २५ किलो ही धोक्याची मर्यादा मानते. युरेनियम शिशापेक्षा कितीतरी घन आहे. एका घनसेंटीमीटरचे वजन सुमारे १९ ग्रॅम भरते. म्हणजे २५ किलोचा गोळा दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत मावतो.

निसर्गातील युरेनियमच्या दर १,००० अणूंमध्ये युरेनियम-२३५ चे जेमतेम ७ असतात. बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८ चे. सुपात १,००० दाणे घेतले असून त्यांतले ७ लाल आहेत असे समजू. पांढरे ८२५ दाणे वेचून टाकले की उरलेल्या १७५ दाण्यांत लाल दाणे ४ टक्के होतात. बहुतेक वीजनिर्मिती अणुभट्ट्यांना एवढे पुरते. आणखी फक्त १६७ पांढरे दाणे वेचले की सुपात ८ दाणे राहतात आणि त्यांतले ७ लाल असतात, म्हणजे जवळपास बॉम्बच्या प्रतीचे. प्रत्यक्षात हे वेचणे सेंट्रिफ्यूज यंत्रांत वायुरूप युरेनियम संयुग प्रचंड वेगाने फिरवून केले जाते आणि काही लाल दाणे वाया जातातच, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. विजेसाठी समृद्धीकरण करणाऱ्या देशाने बॉम्बच्या वाटेतील निम्म्याहून जास्त मजल आधीच मारलेली असते, आणि अण्वस्त्रप्रसाराचे सगळे राजकारण या अंकगणितापाशी येऊन अडते.

शिवाय हा पदार्थ फारसा आवाज करत नाही. युरेनियम-२३५ चा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ७० कोटी वर्षांचा असल्याने त्याचा किरणोत्सार मंद असतो आणि त्यातून निघणारे गॅमा किरण शिशाच्या पातळ पत्र्यानेही बरेचसे अडतात. २०१० च्या मार्चमध्ये आर्मेनियातील येरेवानहून जॉर्जियातील तिबिलिसीला जाणाऱ्या रात्रीच्या रेल्वेगाडीतून दोघांनी सिगारेटच्या पाकिटात, शिशाच्या अस्तराआड, सुमारे १८ ग्रॅम उच्च समृद्ध युरेनियम सीमेपार नेले. ते पकडले गेले ते गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस पोलिसांचा निघाला म्हणून. बंदरांवरची किरणोत्सारमापके मुळातच किंचित किरणोत्सारी असलेल्या सिरॅमिकच्या फरशांनी भरलेल्या कंटेनरवर मात्र इमानेइतबारे ठणाणा करतात.

‘डर्टी बॉम्ब’ नावाचा प्रकार याहून वेगळा. त्यात अणुस्फोट नसतो, साध्या स्फोटकाने किरणोत्सारी पदार्थ पसरवला जातो. असा पदार्थ किती सहज हातून निसटतो हे २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात दिसले; जुन्या प्रयोगशाळेतील उपकरणातले कोबाल्ट-६० तेथे फोडले गेले आणि एका माणसाचा जीव गेला. तो निष्काळजीपणा होता, त्यात दहशतवाद नव्हता.

उल्बाच्या गोदामावर शोधलेला उपाय अगदी सरळ होता: माल उचलायचा. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ३१ अमेरिकींच्या पथकाने सुमारे सहा आठवडे, रोज बारा-बारा तास राबून तो ४४८ पिंपांत भरला. नोव्हेंबरच्या बर्फात तीन सी-५ मालवाहू विमाने तो घेऊन, वाटेत हवेतल्या हवेत इंधन भरत, अमेरिकेत उतरली आणि पिंपे टेनेसीतील ओक रिजला पोहोचली. ‘प्रोजेक्ट सॅफायर’ नावाची ही मोहीम २३ नोव्हेंबरला जाहीर झाली तेव्हा ती पार पडलेली होती.

असा माल निकामी करण्याची रीत म्हणजे त्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण अगदी कमी असलेले युरेनियम मिसळणे. दुधात पाणी ओतायला क्षण पुरतो, ते परत वेगळे काढायचे तर मोठा कारखाना लागतो, तसेच हे. १९९३ च्या करारानुसार रशियाने आपल्या अण्वस्त्रांतील ५०० टन उच्च समृद्ध युरेनियम २०१३ पर्यंत असे पातळ करून अमेरिकेला विकले. हा ऐवज सुमारे २०,००० अण्वस्त्रांच्या तोडीचा होता, आणि त्या काळात अमेरिकेतील जवळपास दहावा हिस्सा वीज त्यातून निघाली. निःशस्त्रीकरणाच्या परिषदांपेक्षा या एका विक्रीखताने जास्त बॉम्ब संपवले, असे मला वाटते.

संशोधन अणुभट्ट्यांचे इंधन बदलणे हे याच कामाचे शांत अंग. मुंबईत तुर्भे येथे १९५६ साली सुरू झालेली ‘अप्सरा’ ब्रिटनहून आलेल्या उच्च समृद्ध युरेनियमवर चालत असे. ती २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये त्याच आवारात सुरू झालेल्या ‘अप्सरा-यू’ला कमी समृद्ध इंधन पुरते.

कायदे आहेत, पण त्यांची चाल संथ आहे. अणुपदार्थांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार मुख्यतः देशादेशांतील वाहतुकीपुरता होता. देशांतर्गत साठेही त्यात आणणारी दुरुस्ती २००५ साली मान्य झाली आणि अमलात यायला २०१६ उजाडले. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, पण ही दुरुस्ती स्वीकारली आहे.

राहता राहिला सेंट्रिफ्यूजचा प्रश्न. इंधनाचा पुरवठा राजकारणापायी तुटेल ही भीती असेल तर देश स्वतःचे समृद्धीकरण उभारतो, आणि मग तीच यंत्रे ४ टक्क्यांवर थांबतील याची हमी कोणी द्यायची? म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कमी समृद्ध युरेनियमची एक पेढी काढली. तिच्यासाठी पहिले ५ कोटी डॉलर २००६ साली वॉरन बफे यांनी देऊ केले होते. पुरवठा खुंटलेल्या सदस्य देशाला अटी पूर्ण केल्यावर येथून बाजारभावाने युरेनियम घेता येते. या पेढीची क्षमता ९० टन आहे, आणि २०१९ साली आलेले तिचे युरेनियम ज्या इमारतीत ठेवले आहे ती उस्त-कामेनोगोर्स्कच्या त्याच उल्बा कारखान्याच्या आवारात उभी आहे.