शेंगदाण्याच्या जागतिक व्यापारात ओल का नडते?

भारतीय शेंगदाण्याची खेप परदेशी बंदरात अडली, अमुक देशाने आयात थांबवली, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. २०१५ मध्ये मालात साठवणीतली कीड सापडली म्हणून व्हिएतनामने आपला शेंगदाणा घेणं थांबवलं होतं. युरोपात तर आपल्या खेपा कित्येक वर्षं वाढीव तपासणीच्या यादीत आहेत. तिथलं कारण आहे अफ्लाटॉक्सिन, म्हणजे ओलसर दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष. बातमी आली की निर्यातदारांची धावपळ होते, बाजार समितीत भाव पडतो आणि थोड्या दिवसांत सगळे विसरून जातात. दुखणं मात्र जुनं आहे. आपल्या दाण्यातल्या ओलीबद्दल शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात तक्रारी होत होत्या, आणि तेव्हा या विषाला नावसुद्धा नव्हतं.

भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यात दोन रानटी जातींच्या संकरातून तो तयार झाला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आफ्रिकेत पोहोचला आणि पुढे आशियात पसरला. पण पुढची दोन-तीनशे वर्षं तो जिथे पिकला तिथेच खाल्ला गेला. समुद्रापार मोठ्या प्रमाणावर विकण्याचा माल तो झाला एकोणिसाव्या शतकात, आणि तोही साबणामुळे.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे युरोपीय व्यापारी दुसरा माल शोधू लागले. गॅम्बियातून १८३० च्या दशकात शेंगा जाऊ लागल्या, १८४० नंतर सेनेगलमधून. गिऱ्हाईक होतं मार्सेय. तिथल्या साबण कारखान्यांना ऑलिव्हचं तेल पुरेना आणि परवडेना. इंग्लंडात पाम तेलाचा पिवळा साबण खपत होता, फ्रेंच गिऱ्हाइकाला तो रंग नको होता. शेंगदाण्याच्या तेलात ही अडचण नव्हती. कपडे धुण्याच्या साबणाच्या रंगावरून सेनेगलच्या शेतीची पुढची शंभर वर्षं ठरली, असं म्हटलं तर त्यात फार अतिशयोक्ती नाही.

सेनेगलमध्ये जे घडलं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. फ्रान्सने १८४८ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, पण आतल्या मुलुखात शेंगा पिकवणाऱ्या हातांत गुलामांचे हात पुष्कळ होते आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा केला. माल बंदरावर आणायला रेल्वे हवी होती. कायोरचा राजा लात जोर याने तिला विरोध केला, कारण रूळ आले की राज्य जाणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. १८८५ मध्ये डाकार ते सेंट लुई मार्ग पुरा झाला आणि १८८६ मध्ये लात जोर लढाईत मारला गेला. त्यानंतर नवी जमीन लागवडीखाली आणण्यात शेख अमादू बांबा यांच्या मुरीद पंथाचे अनुयायी पुढे होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सेनेगलची निर्यात तीन लाख टनांच्या घरात गेली होती. ज्वारी-बाजरीची जमीन शेंगांखाली गेली आणि खायला तांदूळ आला इंडोचायनातून. रोखीच्या पिकाने पोटाचं पीक मागे ढकलल्याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

भारताचा माल याच मार्सेयला जाई. कोरोमंडल किनाऱ्यावर, आजच्या तामिळनाडूत, भुईमूग वाढला तो फ्रेंचांच्या पाँडिचेरी बंदरामुळे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि अंतर कमी झालं, तरी प्रवास काही आठवड्यांचा होताच. इथे आपला माल आणि सेनेगलचा माल यांतला फरक उघडा पडला. सेनेगलहून शेंगा टरफलासकट जात, त्यामुळे आतला दाणा शाबूत राही आणि त्याचं तेल खाण्याच्या कामी येई. आपल्याकडून सोललेले दाणे जात. जागा कमी लागे, भाडं वाचे, टरफलाचं ओझं समुद्रापार न्यावं लागत नसे. हिशेब बरोबर होता, चूक होती ती सोलण्याच्या पद्धतीत.

शेंगा हाताने किंवा काठीने बडवून फोडायच्या तर वाळलेलं टरफल कडक लागतं आणि आतला दाणा फुटतो. म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारत. टरफल मऊ पडे, दाणा अख्खा निघे, मजुरी कमी लागे, वर पाण्याचं वजन मिळे. हा ओलसर दाणा पोत्यात भरून जहाजाच्या तळघरात जाई. तिथे तो तापे, त्याला बुरशी लागे, तेल खवट आणि आम्ल होई. मार्सेयला पोहोचेपर्यंत त्याची लायकी फक्त साबणाच्या कढईपुरती उरलेली असे आणि भाव त्याच मानाने मिळे. शेंगा कोरड्याच फोडणारी यंत्रं विसाव्या शतकात पसरली तेव्हा तक्रार कमी झाली. तरीही दाणा कमी फुटावा म्हणून फोडण्याआधी शेंगा ओलवण्याची सवय आपल्या गिरण्यांतून पुरती गेलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास इलाख्यात रोगाने आणि खालावलेल्या बियाण्याने पीक बसलं, निर्यात कोसळली. मग बाहेरून बियाणं आणलं गेलं. मुंबई इलाख्यातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी वाणांचे प्रयोग झाले. लवकर येणारे, न पसरणारे उपट्या वाण दख्खनच्या बेभरवशाच्या पावसाला जुळले, आणि खानदेशापासून सोलापूर-सांगलीपर्यंत भुईमूग हे नगदी पीक झालं. १९३० च्या दशकात भारत जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांत होता.

त्याच सुमारास नायजेरियाचं कानो शहर या नकाशावर आलं, आणि त्यामागे शेतकऱ्यांचं शहाणपण होतं. १९११ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली ती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळावा म्हणून. तिथल्या हौसा समाजाच्या शेतकऱ्यांनी भाव पाहिले आणि कापसाऐवजी भुईमूग पेरला. हे पीक घरी खाता येतं आणि पालाही जनावरांना होतो. वॅगन मिळेपर्यंत पोती रचून ठेवावी लागत, त्यांचे मनोरे उभे राहिले आणि 'कानोचे पिरॅमिड' म्हणून जगभर ओळखले गेले. कोला बियांच्या व्यापारातून पुढे आलेले अल्हसन दंताता यांनी याच धंद्यावर पश्चिम आफ्रिकेतली सर्वांत मोठी संपत्ती उभी केली. १९७० च्या दशकात दुष्काळ पडला, पाठोपाठ भुईमुगावरचा रोझेट रोग आला, आणि सरकारचं लक्ष खनिज तेलाकडे गेलं. पिरॅमिड संपले ते कायमचे.

कानोच्या शेतकऱ्याला जे कळलं ते लंडनच्या सरकारला कळलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये चरबी आणि तेलाचं रेशनिंग होतं, आणि भारताचा दाणा आता भारतातच लागत होता. तेव्हा टांगानिकात, आजच्या टांझानियात, तीस लाखांहून अधिक एकर जमीन साफ करून भुईमूग लावायची योजना १९४६ मध्ये मांडली गेली. बाओबाबची झाडं पाडायला रणगाड्यांपासून बनवलेले ट्रॅक्टर आणले. कोंग्वा इथली लाल चिकणमाती पाऊस थांबला की विटेसारखी भाजून निघते. भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलातून निघणारे देठ, मातीत शिरतात आणि शेंगा मातीखाली पोसतात. काढणीला जमीन भुसभुशीत नसेल तर पीक हाती येतच नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने बांधावर उभं राहून सांगितली असती. १९५१ च्या जानेवारीत योजना गुंडाळली तेव्हा साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडाली होती.

दरम्यान भारत या व्यापारातून हळूहळू आत वळला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्स पडला आणि मार्सेयचं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. इकडे १९३७ मध्ये डालडा बाजारात आला होता आणि वनस्पती तुपाच्या कारखान्यांना शेंगदाणा तेल हवं होतं. स्वातंत्र्यानंतर तर खाद्यतेलाचाच तुटवडा, त्यामुळे बाहेर जात राहिली ती मुख्यतः पेंड, युरोपच्या गाई-कोंबड्यांसाठी.

ओलीचा प्रश्न परत वर आला तो याच पेंडीतून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. रोग ओळखू येईना. माग काढता काढता तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीशी पोहोचला, आणि पेंडीतून 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीपर्यंत. तिच्या नावावरून विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. ते यकृताचा कर्करोग घडवतं, हेही पुढे सिद्ध झालं. एका अर्थाने मार्सेयच्या तळघरांतल्या जुन्या बुरशीचा उलगडा झाला. फरक इतकाच की तोवर प्रश्न वासाचा आणि भावाचा होता, आता जिवाचा झाला.

१९९८ मध्ये युरोपने मर्यादा एकसारखी केली. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोमागे एकूण अफ्लाटॉक्सिन ४ मायक्रोग्रॅम, त्यातला सर्वांत घातक बी-१ प्रकार २ मायक्रोग्रॅम. पुढे प्रक्रिया होणाऱ्या मालाला १५ आणि ८. अमेरिकेची मर्यादा २० आहे. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा इतका विषारी असतो की सगळा नमुना नापास होतो. म्हणून युरोपच्या नियमात मोठ्या खेपेच्या शंभर जागांहून थोडा थोडा माल काढून वीस किलोचा नमुना करतात. तोच कंटेनर निघताना पास आणि उतरताना नापास होऊ शकतो, आणि त्यात कुणी लबाडी केलेली असेलच असं नाही.

या नियमांना 'श्रीमंत देशांची छुपी जकात' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते मला पटत नाही. खरी जकात वेगळी दिसते. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेचे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले ते आशियातून येणाऱ्या स्वस्त शेंगदाण्यावर कर लावावा हे सांगायला. गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला दहा मिनिटं दिली होती; त्यांनी पेटीतून एकेक पदार्थ काढून दाखवायला सुरुवात केली आणि समितीने वेळ वाढवत नेला. कर लागला. आजही ठरलेल्या कोट्याबाहेर अमेरिकेत जाणाऱ्या सोललेल्या दाण्यावर १३१.८ टक्के आयात शुल्क आहे. आणि अमेरिकेचाच अनुदानित दाणा जास्त झाला तेव्हा २०१६ मध्ये हैतीच्या शाळांना ५०० टन पाठवायचं ठरलं. त्यावर हैतीच्या भुईमूग शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या संस्थांनी आवाज उठवला. हा अन्याय आहे आणि त्याच नावाने तो ओळखला पाहिजे. पण बुरशी कुणाच्या व्यापार धोरणातून येत नाही.

गेल्या काही दशकांत व्यापाराचं रूप बदललं. जगात पिकणाऱ्या शेंगदाण्याचा लहानसा भागच सीमा ओलांडतो, आणि युरोपात तो आता मुख्यतः खारा दाणा, चॉकलेट आणि पीनट बटरसाठी जातो. अर्जेंटिनाच्या कॉर्डोबा प्रांताने हे आधी ओळखलं आणि तेलाचं पीक सोडून निवडलेला, साल काढलेला खाण्याचा दाणा युरोपला द्यायला सुरुवात केली. मार्सेयची जागा आता चीनने घेतली आहे. जगात सर्वांत जास्त भुईमूग पिकवूनही त्याला गाळपासाठी बाहेरचा दाणा लागतो. २०१४-१५ नंतर चिनी खरेदीदार सेनेगलच्या गावोगाव पोहोचले तेव्हा तिथल्या सरकारी तेलगिरणीला माल मिळेना. भारताचं तेलही चीनला जातं. 'बोल्ड' आणि 'जावा' या नावांनी विकला जाणारा आपला दाणा इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया, थायलंड या बाजूला जातो. त्यातला मोठा वाटा सौराष्ट्राचा.

निर्यातीच्या मालासाठी आपण सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून खराब दाणा वेगळा करणारी, यंत्रं बसवली. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने प्रयोगशाळा आणि माग काढण्याची संगणकीय नोंद सक्तीची केली. पण ही सगळी गाळणी गिरणीच्या पुढे आहे. बुरशी शिरते त्याच्या आधी: पीक भरताना पावसाने ताण दिला तर जमिनीतच, नाहीतर उपटल्यावर ओला वेल ढिगात राहिला तर. शेंगा वर करून वेल उलटे पसरायचे, शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे, ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आला पाहिजे. हे शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. मलावीची निर्यात अशीच बुडाली होती. तिथल्या लहान शेतकऱ्यांच्या संघटनेने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेची स्वस्त चाचणी वापरून गावपातळीवर तपासणी सुरू केली आणि ब्रिटनची बाजारपेठ पुन्हा मिळवली. पद्धत आपल्या दारात तयार झाली आहे.

आपल्याकडे लिलावात दाण्याचा आकार, फोल किती, उतारा (शेंगांतून निघणारा दाणा) किती हे पाहून बोली लागते. विषाची चाचणी बाजार समितीच्या आवारात होत नाही. जो शेतकरी आणखी दोन दिवस शेंगा वाळवतो, त्याचं वजन घटतं आणि घटलेल्या वजनाचे पैसे कोणी देत नाही. आणि जो माल बाहेर जात नाही तो आपल्याच घरात येतो, चटणीत, लाडवात, लहान मुलांच्या हातातल्या चिक्कीत. निर्यातीच्या खेपेला जी तपासणी सक्तीची आहे, ती या दाण्याच्या वाट्याला क्वचितच येते. ओलावा मोजायचं यंत्र प्रत्येक आवारात ठेवून कोरड्या मालाला वरचा भाव जाहीर केला, तर सुरुवात तिथून होऊ शकते.