घारीचा पंख बांधायचा की हलवायचा?

संक्रांत झाली की दोन-चार दिवसांत एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. गच्चीवर जमलेली मंडळी, मधोमध पतंगाच्या मांज्याने जखमी झालेली घार धरून उभा असलेला उत्साही पक्षिमित्र, पंखाला फासलेलं जांभळं औषध. मग एक, दोन, तीन, घार हवेत आणि टाळ्या. घार जराशी तिरकी होत समोरच्या इमारतीमागे जाते आणि व्हिडिओ तिथेच संपतो. पुढे ती कुठे उतरली, पुन्हा उडू शकली का, हे विचारायला कुणी थांबत नाही. रक्त थांबलं म्हणजे पंख बरा झाला, असा आपला समज असतो. वास्तविक खरी अडचण रक्त थांबल्यानंतर सुरू होते.

घारीच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास असतो आणि वजन जेमतेम पाऊण किलो. एवढी मोठी चौकट इतकी हलकी ठेवायची तर स्नायूंचा भार कमीत कमी हवा. म्हणून पंखातला जड भाग छातीजवळ असतो आणि टोकाकडे हाडं, कातडी, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि पिसंच उरतात. पंखात आपल्या हातासारखीच रचना असते: दंडाचं एक हाड, पुढच्या भागात दोन समांतर हाडं, मग मनगट आणि एकमेकांत जुळून गेलेली बोटं. गंमत त्या दोन समांतर हाडांची आहे. कोपर मिटलं की त्यातलं बारीक हाड जाड हाडाच्या कडेने मनगटाकडे सरकतं आणि मनगटापुढचा भाग मागे दुमडायला लावतं. कोपर उघडलं की तेच हाड उलट सरकतं आणि मनगटही उघडतं. जुन्या इमारतींमधल्या लिफ्टचा घडीचा जाळीदार दरवाजा एका टोकाला ओढला की सगळ्या पट्ट्या एकदम सरळ होतात, तसंच काहीसं. कोपर आणि मनगट असे एकमेकांना बांधलेले असल्यामुळे मनगटासाठी वेगळे जाडजूड स्नायू बाळगावे लागत नाहीत.

आता या चौकटीच्या पुढच्या बाजूला पाहा. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक त्रिकोणी पडदा असतो. कातडीचे दोन थर आणि पुढच्या काठातून जाणारी, मध्ये रबरासारखी ताणली जाणारी एक कंडरा. कोपर सरळ झालं की ही कंडरा ताणली जाते, मनगट उघडं ठेवायला मदत करते आणि पंखाची पुढची कड ताठ होते. हवा पंखावर आदळून वर आणि खाली विभागली जाते ती याच कडेवर. पंखाला मिळणाऱ्या उचलीचा मोठा वाटा पंखाच्या पुढच्या भागातच तयार होतो. त्या पडद्याला भोक पडलं तर खालची जास्त दाबाची हवा भोकातून वर निसटते, वरचा सुरळीत प्रवाह विस्कटतो, उचल घटते आणि हवेचा रोध वाढतो. घारीचं पोट भरतं ते पंख न हलवता तासन्‌तास घिरट्या घालण्यावर. तिला हे परवडत नाही.

आणि मांजा लागतो तो नेमका इथेच. उडताना दोऱ्याला सर्वांत आधी भिडते ती पंखाची पुढची कड. साधा सुती दोरा निदान तुटतो. काचेची पूड लावलेला नायलॉनचा मांजा तुटत नाही. पक्षी जितका धडपडतो तितका तो करवतीसारखा आत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर यावर बंदी घातली. तरीही तो मिळतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पंख मिटलेला असला की हा पडदा घडीत जातो आणि जखम दिसतच नाही. पक्ष्यांच्या उपचार केंद्रात डॉक्टर ओल्या कापसाने पिसं बाजूला करतात, पंख हलकेच उघडतात, तेव्हा पडद्याच्या चिरीतून पलीकडचा उजेड दिसतो. तुटलेल्या कंडरेची टोकं आखडून आत गेलेली असतात. ती शोधून, थर जुळवून टाके घालावे लागतात.

मग येतो या सगळ्यातला माझ्या आवडीचा पेच. टाके टिकायला पंख स्थिर हवा, म्हणून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी गुंडाळून तो मिटलेल्या स्थितीत बांधतात. पण कुठलीही जखम भरताना आकसते. जखमेतल्या विशिष्ट पेशी कडा एकमेकींकडे ओढतात. आपल्या पाठीवर अशी चार-पाच मिलिमीटर कातडी आकसली तर पत्ताही लागत नाही. घारीच्या पडद्यात तेवढं आकसणं म्हणजे पंख कधीच पुरता न उघडणं. त्यात पंख मिटून बांधलेला, म्हणजे पडदा सैल अवस्थेतच घट्ट व्हायला मोकळा. जीव ओतून सेवा करणारे कितीतरी प्राणिमित्र ‘विश्रांती हवी’ म्हणून महिनाभर पट्टी सोडत नाहीत आणि जखम उत्तम भरलेली, पण जन्मभर न उडणारी घार तयार करतात. म्हणून जाणकार केंद्रांत काही दिवसांनी पट्टी सोडतात, पक्ष्याला भूल देतात, पंख सावकाश ताणतात, काही क्षण धरतात, सोडतात, पुन्हा ताणतात. दुसऱ्या पंखाशी तुलना करून किती उघडला ते पाहतात आणि पुन्हा बांधतात. आठवड्यातून साधारण दोनदा. भूल कशाला? कारण शुद्धीवरची घार स्नायू आवळून धरते आणि त्या झटापटीत टाके तुटतात.

दंडाचं हाड मोडलं असेल तर आणखी एक धोका. ते आतून पोकळ असतं आणि श्वसनाच्या हवेच्या पिशवीला जोडलेलं असतं. उघड्या मोडीवर बाटलीने पाणी किंवा औषध ओतलं तर ते थेट श्वसनमार्गात उतरू शकतं. घरगुती उपायवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. हळद भरणं, चोचीत पाणी ओतणं, दूध-पाव भरवणं, यातलं काहीही नको. पक्ष्यांना दूध पचत नाही.

जाता जाता घुबडांबद्दल. झाडावर लोंबणाऱ्या मांज्यात ती रात्री अडकतात आणि काही महाभाग अपशकुन म्हणून हात लावत नाहीत. याच देशात दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडांचा चोरटा व्यापार होतो. घुबड अशुभ ठरवा नाहीतर लक्ष्मीचं वाहन, मार त्यालाच.

पंख उघडू लागला तरी पिसांचा प्रश्न उरतो. वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं, मोडलं तर गळून नवं येईपर्यंत दुरुस्त होत नाही. ससाणे पाळणाऱ्यांनी शतकांपूर्वी यावर युक्ती काढली: मोडक्या पिसाच्या पोकळ देठात बांबूची बारीक सळई बसवायची आणि त्यावर त्याच जातीच्या पक्ष्याचं, त्याच जागेचं गळालेलं पीस जोडायचं. आजही हेच करतात. मग मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात परीक्षा. जमिनीवरून उंच दांडीवर झेपावते का? दोन्ही बाजूंना सारखी वळते का? चार फेऱ्यांनंतर चोच उघडी ठेवून किती वेळ धापा टाकते? जी यात बसत नाही तिला गच्चीवरून उडवणं ही माझ्या मते क्रूरताच, टाळ्या कितीही पडोत.

वेळही अडचणीची असते. आपल्याकडे घारींची वीण ऐन हिवाळ्यात रंगात असते, त्यामुळे जखमी घारीच्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं असू शकतात. म्हणून ती सापडलेली जागा अचूक लिहून ठेवा, तिला तिथेच सोडायचं असतं. पक्षी टॉवेलने झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. जखमेतला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापून मधला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच राहू द्या आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. आणि फेब्रुवारीत सोसायटीतल्या गुलमोहरावर लटकलेला मांजा काढायला माणूस बोलवा. तो पावसाळ्यापर्यंत तिथेच असतो.