कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःची किल्ली असते

सावदा-रावेर पट्ट्यात केळीची कापणी जोरात असली की व्यापाऱ्याच्या ऑफिसात सकाळपासून कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं. काट्याच्या पावतीचा फोटो, ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, दिल्लीचा भाव, सगळं त्याच खिडकीत येऊन पडतं. मुनीम कीबोर्डवर भराभर उत्तरं देतो, पावती तिथूनच प्रिंट करतो. आणि ज्या मालकाच्या नंबरवर हे चाललेलं असतं, तो फोन खिशात घालून सातपुड्याच्या पायथ्याशी बागेत माल बघत फिरत असतो. तिथे रेंज असेलच असं नाही. तरी ऑफिसातलं काम अडत नाही.

पूर्वी ते अडायचं. व्हॉट्सअ‍ॅप वेब जानेवारी २०१५ मध्ये आलं, तेव्हा कॉम्प्युटर हा नुसता पडदा होता. मेसेज मालकाच्या फोनवर यायचा, फोन तो वाचण्याजोगा करायचा आणि मग कॉम्प्युटरला दाखवायचा. मुनिमाने टाईप केलेलं उत्तरही आधी फोनकडे जायचं आणि तिथून पुढे. फोनची बॅटरी संपली किंवा रेंज गेली, की 'फोन कनेक्ट नाही' अशी पट्टी यायची आणि सगळं ठप्प.

पुढेही कित्येक वर्षं हे असंच का राहिलं, याचं कारण एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये आहे. एप्रिल २०१६ मध्ये ते व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांसाठी पूर्ण लागू झालं. याच्या मुळाशी किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडं कुलूप समजा: त्याच्या हव्या तितक्या प्रती वाटा, कुणीही तुमच्यासाठीची पेटी त्याने बंद करू शकतो. ती उघडते फक्त खाजगी किल्लीने, आणि ती तुमच्या फोनमधून बाहेर पडत नाही. उघड्या तारेवरून बोलूनही दोघांना एक समाईक गुपित ठरवता येतं, हे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं. आजचं मेसेजिंग त्याच गणिताच्या पुढच्या पिढीवर चालतं. सर्व्हर बंद पेट्या इकडून तिकडे पोचवतो, त्याला त्या उघडता येत नाहीत.

त्या वेळी एका खात्याची खाजगी किल्ली एकच होती आणि ती फोनमध्ये होती. मग फोनविना कॉम्प्युटर मेसेज उघडणार कसा? किल्ली सर्व्हरकडे ठेवायची, तर एन्क्रिप्शनला अर्थच उरत नाही. तीच किल्ली कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची, तर ज्या गोष्टीवर सगळी सुरक्षा उभी आहे तिच्याच प्रती वाटल्यासारखं होतं. जुलै २०२१ मध्ये चाचणीसाठी खुली झालेली रचना वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःची जोडी मिळते. फोनची वेगळी, ऑफिसच्या कॉम्प्युटरची वेगळी. एका फोनला अशी चार उपकरणं जोडता येतात.

आता दिल्लीच्या आडत्याने 'गाडी पोचली' असं लिहून पाठवलं, की त्याचं अ‍ॅप आधी या खात्याच्या उपकरणांची यादी पाहतं. यादीत मालकाचा फोन आणि ऑफिसचा कॉम्प्युटर असेल, तर त्या दोन शब्दांच्या दोन वेगवेगळ्या पेट्या तयार होतात. आडत्याचाही कॉम्प्युटर जोडलेला असेल, तर त्याच्यासाठी आणखी एक. मालकाचा फोन बंद असला तर त्याची पेटी सर्व्हरवर थांबते, मुनिमाची मात्र लगेच उघडते. फोटोचं थोडं निराळं आहे. काट्याच्या पावतीचा फोटो एकदाच कूटबद्ध होऊन सर्व्हरवर चढतो आणि तो उघडण्याची छोटीशी किल्ली तेवढी प्रत्येक उपकरणाला वेगळी पाठवली जाते. नाहीतर वीस फोटो पाठवताना खेड्यातलं नेट दमलंच असतं.

इथे शंका यायलाच हवी. यादी सर्व्हरकडून येत असेल, तर सर्व्हरने किंवा त्यात घुसलेल्या कुणी यादीत एखादा खोटा कॉम्प्युटर घुसवला तर? आडत्याचं अ‍ॅप त्यालाही इमानदारीने पेटी पाठवेल. ही फट बुजवायचं काम कॉम्प्युटर जोडताना फोनने स्कॅन करायच्या, पडद्यावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे, म्हणजे क्यूआर कोडकडे आहे, आणि या सगळ्या रचनेतला हाच भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

क्यूआर कोड जपानमधल्या डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तयार केला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतात. त्यातल्या कुठल्याही चौकोनाच्या मध्यातून रेघ ओढा: काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा हे पट्टे १:१:३:१:१ या प्रमाणातच येतात. हे प्रमाण छापील मजकुरात क्वचितच सापडतं, म्हणून ते मुद्दाम निवडलं गेलं. त्यामुळे फोन आडवा धरा की तिरका, कॅमेऱ्याला कोड कुठे आहे आणि कसा वळलेला आहे हे क्षणात कळतं. चौथ्या कोपऱ्यात मोठा चौकोन नसतो, त्यावरून दिशा समजते. शिवाय कोडमध्ये जास्तीची माहिती पेरलेली असते, त्यामुळे त्याचा काही भाग झाकला गेला तरी उरलेल्यावरून मजकूर पुन्हा उभा करता येतो. ठरवलेल्या पातळीप्रमाणे ७ ते ३० टक्क्यांपर्यंतचं नुकसान भरून निघतं.

व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडताच कॉम्प्युटर स्वतःची नवी जोडी तयार करतो आणि आपली सार्वजनिक किल्ली व एक तात्पुरता गुप्त आकडा त्या कोडमध्ये मांडतो. हा आकडा सर्व्हरला कधीच पाठवला जात नाही. तो पडद्यावरून प्रकाशाच्या रूपाने थेट तुमच्या कॅमेऱ्यात येतो, मधे कुणी नाही. मग फोन आपल्या खाजगी किल्लीने सही करतो, की हा कॉम्प्युटर माझा. कॉम्प्युटरही उलट सही करतो. यापुढे समोरच्याचं अ‍ॅप यादीतल्या प्रत्येक उपकरणाची सही तपासतं आणि सही नसलेल्याला मेसेज देत नाही.

म्हणजे कोड स्कॅन करताना तुम्ही पेनाऐवजी कॅमेऱ्याने सही करत असता. हे ध्यानात घेतलं, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज जे चालतं ते पाहून काळजी वाटते. सातबारा किंवा पीकविम्याची पावती प्रिंट करायची असते, दुकानदार म्हणतो 'स्कॅन करा', आणि माणूस स्कॅन करतो. प्रिंट अर्ध्या मिनिटात हातात पडते. पण जोडणी होताच फोनने अलीकडच्या गप्पांचा एक कूटबद्ध गठ्ठा त्या कॉम्प्युटरला दिलेला असतो, कारण आता तो कॉम्प्युटर तुमचा आहे असं तुम्हीच सही करून सांगितलंय. खिडकी बंद केली तरी किल्ली ब्राउझरमध्येच राहते. उद्या दुसऱ्या कुणी तीच खिडकी उघडली, तर कोड न मागता तुमचं खातं समोर येईल. एन्क्रिप्शन यात काही करू शकत नाही. ते वाटेवरच्या चोराला अडवतं, आणि हा कॉम्प्युटर तर वाटेच्या टोकाला बसलेला आहे.

आपोआप बंद होण्याची सोय आहे, पण ती इथे कामी येत नाही. फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं गळून पडतात. रोज फोन हाताळणाऱ्याला याचा काय उपयोग? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप्सना निर्देश दिले, की वेबवरची जोडणी सहा तासांच्या आत बंद व्हावी. पण दुकानात तुमच्यानंतर येणारा गिऱ्हाईक सहा मिनिटांतही येतो.

ठगांनीही हीच युक्ती उचलली आहे. योजनेचा लाभ, बक्षीस, ग्रुपचं आमंत्रण असं काहीतरी सांगून ते आपल्या कॉम्प्युटरवरचा कोड तुम्हाला स्कॅन करायला लावतात, किंवा नंबरावरून जोडण्याच्या सोयीतला आठ अक्षरांचा कोड तुमच्या फोनवर टाकायला सांगतात. 'उपकरण जोडायचं का?' असं फोन विचारत असेल आणि समोरचा कॉम्प्युटर तुमचा नसेल, तर तिथेच थांबा.

दुकानात प्रिंट हवी असेल, तर ती एकच फाईल दुकानाच्या नंबरवर किंवा ईमेलवर पाठवणं बरं. जोडावंच लागलं, तर काम होताच फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. जोडलेलं प्रत्येक उपकरण आणि ते शेवटचं कधी वापरलं गेलं, हे तिथे दिसतं. नावावर बोट ठेवून लॉग आऊट केलं, की त्याचं नाव यादीतून निघतं आणि पुढच्या कुणाच्याही मेसेजची पेटी त्याच्यासाठी तयार होत नाही. उतरवलेली फाईल मात्र लॉग आऊटने जात नाही. तुमच्या आधार कार्डाची पीडीएफ त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असते. दुकानदाराला सांगून ती आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावी, आणि रिसायकल बिनमधूनही.