चांगला नोड, वाईट नोड: नवी मुंबईत हे ठरलं कसं

नवी मुंबईत घर बघायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो नोडवरून, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात घ्यावं यावरून, फ्लॅटचं नंतर. वाशी भारी पण परवडत नाही, नेरूळ फॅमिलीवाल्यांसाठी बेस्ट, खारघर मोकळं आहे पण पाण्याचा त्रास, कोपरखैरणे नको पार्किंगची बोंब आहे, उलवे आत्ता घेऊन ठेवा नंतर हात लागणार नाही. हे शेरे आता सगळ्यांना इतके पाठ झालेत की ते आले कुठून हे कोणी विचारतच नाही. खरं तर हे सगळे नोड एकाच संस्थेने, एकाच नकाशावर, साधारण एकाच विचाराने आखलेले. मग एवढा फरक कसा पडला? माझं मत असं की आखणीपेक्षा क्रमाने जास्त फरक पडला, म्हणजे आधी माणसं आली की आधी पाणी, रेल्वे, शाळा, बाजार आला, आणि ज्यांची मूळ जमीन होती त्यांना त्या नकाशात जागा मिळाली की नाही.

थोडं मागे जाऊ. १९६४-६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि शिरीष पटेल हे इंजिनिअर, या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबत चाललीय, नोकऱ्या मात्र दक्षिणेच्या टोकाला, त्यामुळे सकाळी सगळं शहर एकाच दिशेने चेंगरत जातं, तर खाडीपलीकडे नवं शहर करा. मार्च १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, आणि ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातली ९५ गावं, साधारण ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी धरली गेली. एकच मोठं डाउनटाउन करायच्या ऐवजी रेल्वेलाईनच्या कडेने छोटी छोटी शहरं करायची असं ठरलं, तेच आपले नोड, आणि नोडच्या आत सेक्टर.

सेक्टरची आयडिया मात्र सिडकोची नाही, ती बरीच जुनी. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १९२९ मध्ये सांगितलं की वस्तीच्या मध्ये प्राथमिक शाळा हवी, कुठल्याही घरातून पोर पाव मैलाच्या आसपास चालत, मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचलं पाहिजे, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, दुकानं कोपऱ्यांवर आणि दहा टक्के जागा मोकळी. चंदीगडचे सेक्टर याच घराण्यातले आणि वाशी-नेरूळचेही. पुढे साठच्या दशकात जेन जेकब्जसारख्या शहरांवर लिहिणाऱ्या लोकांनी यावर सडकून टीका केली, की घरं वेगळी, ऑफिसं वेगळी असं केलंत तर दिवसाच्या ठरावीक वेळेला रस्ता ओस पडतो आणि ओस रस्ता कोणालाच सेफ वाटत नाही. दोघांचं खरं आहे असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. वाशीच्या जुन्या सेक्टरात बिल्डिंगखाली दुकानं असल्यामुळे रात्री साडेदहालाही बायका-मुली आरामात फिरताना दिसतात, आणि सीबीडी बेलापूरच्या निव्वळ ऑफिसांच्या गल्ल्या संध्याकाळी सातनंतर बघा, कुत्रीसुद्धा कंटाळलेली असतात.

आता क्रमाचं. मूळ कल्पनेत राज्य सरकारची मुख्य ऑफिसं खाडीपलीकडे येणार होती, म्हणजे त्यांच्यामागून बाकीचे येतील. तसं झालंच नाही, मंत्रालय जिथल्या तिथे राहिलं, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून टॉवर उभे राहिले. बेलापूरला कोकण भवन आलं, नंतर रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आलं, पण जो मोठा लोंढा अपेक्षित होता तो काही सरकारी गाडीत बसून आला नाही. खाडीपूल १९७३ ला सुरू झाला, आणि लोकल? मानखुर्द ते वाशी लोकल आली मे १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षं वाशीकर बसने जात होते, दादर-परळच्या नातेवाईकांकडून "एवढ्या लांब कशाला गेलात" हे ऐकत होते, आणि आज ज्या सेक्टरांचे रेट ऐकून घाम फुटतो तिथे तेव्हा परवडतं म्हणून राहायला आलेली साधी नोकरदार माणसं होती.

पण त्या एकोणीस वर्षांत वाशीत एक गोष्ट झाली जी नंतरच्या नोडना मिळाली नाही. लोक हळूहळू आले, त्यामुळे शाळा, दवाखाने, भाजी मार्केट, मैदानं यांना मुरायला वेळ मिळाला. तुर्भ्याला मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने हलवले, आधी कांदा-बटाटा, मग धान्य-मसाला, आणि १९९६ ला भाजीपाला-फळं. त्यांच्याबरोबर माथाडी कामगार आले, त्यांच्यासाठी कोपरखैरणे, घणसोली या बाजूला घरं झाली, सातारा-पुण्याकडची माणसं तिथे वसली. म्हणजे नोकरी आणि घर एकाच शहरात असलेला पहिला मोठा वर्ग बहुतेक हाच, प्लॅनरनी साहेब लोकांची वाट बघितली आणि आले पाठीवर गोणी वाहणारे. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढची रेल्वे भराभर आली, १९९३ ला बेलापूर, १९९८ ला पनवेल, २००४ ला ठाणे-वाशी. याचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने केला, म्हणून तर आपली स्टेशनं एवढी ऐसपैस आणि वरती ऑफिसं. ठाणे-वाशी सुरू झाल्यावर ऐरोली, रबाळे, घणसोलीचं नशीब बदललं. त्याआधी तो पट्टा म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपन्या आणि त्यांचा वास. कंपन्यांच्या जागी आयटी पार्क आले तसा ऐरोलीचा शेराही बदलला. कोपरखैरण्यातलं निसर्ग उद्यान तर चक्क जुन्या डंपिंग ग्राउंडवर उभं आहे, तिथे सकाळी जॉगिंग करणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे.

आता जमिनीचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण घर दाखवताना एजंट हा विषय "मागे गाव आहे" एवढ्यावर उडवतो. नवी मुंबई रिकाम्या जागेवर वसली नाही. जुहूगाव, तुर्भे, शिरवणे, करावे, दारावे, सारसोळे, दिवाळे, घणसोली, गोठिवली, अशी आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा, त्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं आणि १६-१७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, दर जानेवारीला जासईला त्यांना मानवंदना असते. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित प्लॉट प्रकल्पग्रस्ताला परत. १९९० ला निर्णय, १९९४ ला तो आणखी विस्तारला, आणि प्लॉट प्रत्यक्ष हातात पडायला काहींना त्यानंतरही अनेक वर्षं लागली. या मधल्या काळात गावातली कुटुंबं वाढत होती की, पोरांची लग्नं होत होती, घर कुठे बांधायचं? मग गावठाणाच्या कडेला मिळेल तशी घरं झाली, यांनाच सरकारी कागदात गरजेपोटीची घरं म्हणतात. त्यांच्यामागून त्याच नावाखाली बिल्डरांच्या चार-पाच मजली बिल्डिंगाही उठल्या, त्याही नाकारण्यात अर्थ नाही.

त्यामुळे एकाच नोडमध्ये आज तीन प्रकारची वस्ती दिसते: सिडकोने बांधलेली, साडेबारा टक्केच्या प्लॉटवरची, आणि गावठाणातली. सोसायटीवाले गावठाणाला नाक मुरडतात, चिंचोळ्या गल्ल्या, गटारं, फायर ब्रिगेडची गाडी शिरणार नाही. पण ताजं म्हावरं तिथूनच आणतात, घरकामाच्या ताई, वॉचमन, रिक्षावाले तिथेच भाड्याने राहतात, कारण सेक्टरमध्ये त्यांना परवडेल अशी खोलीच कोणी ठेवली नाही. गाव उठवलं तर सेक्टर दोन दिवस चालणार नाही हे सरळ आहे.

घर वाढवायच्या बाबतीत तर दोन नोडची तुलना करण्यासारखी आहे. बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज केलं. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, घराला घर चिकटलेलं नाही, म्हणजे पैसे आले की ज्याने त्याने आपापलं घर वाढवावं, शेजाऱ्याची भिंत मोडायची गरज नाही, आणि अंगण मात्र सगळ्यांचं. आज तिथली बरीच घरं ओळखू येत नाहीत एवढी बदललीत, काही तर अगदी बंगले झालेत, पण अंगणं आहेत. कोपरखैरण्यात कमी उत्पन्नवाल्यांसाठी रो-हाउसेस झाली, भिंतीला भिंत, समोर अरुंद रस्ता. तिथेही लोकांनी तेच केलं जे बेलापुरात केलं, घर वाढवलं, पण वाढायला दिशा एकच होती, वर. एका घराचे तीन-चार मजले झाले, प्रत्येक मजल्यावर भाडेकरू, प्रत्येक भाडेकरूची बाइक, आणि मग पार्किंगची बोंब. लोक म्हणतात तिथल्या माणसांना शिस्त नाही. मला ते पटत नाही, घर वाढणार हे बेलापुरात धरून चालले होते आणि कोपरखैरण्यात धरलं नव्हतं.

पाण्याची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारी. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून आहे, आणि तिने पुढे खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःचं धरण असलेल्या पालिका आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या. म्हणून दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पाण्याची कुरकुर असली तरी ती कुरकुरच असते. पण बेलापूरच्या पुढे खाडी ओलांडली की खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, इथे धरण दुसरं, पाइपलाइन दुसरी, पाणी हेटवण्याहून नाहीतर पाताळगंगेहून, काही ठिकाणी दुसऱ्याकडून मागून घेतलेलं. खारघरमध्ये टॉवर आधी उभे राहिले आणि पाण्याचं गणित मागून धावत राहिलं. २०१६ ला पनवेल महापालिका झाली तेव्हा लोकांना वाटलं आता सुटेल, तर आधी वाद सुरू झाला दुहेरी कराचा, सिडकोचे सेवाशुल्क भरलेच होते मग त्याच काळाचा पालिकेचा मालमत्ता कर कशाला. टॉवरच्या गेटवर टँकर आणि लॉबीत झुंबर, हे दृश्य त्या क्रमातून आलंय.

आणखी एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये कधीच नसते ती म्हणजे धारण तलाव, होल्डिंग पाँड. वाशी-नेरूळ-बेलापूरचा बराच भाग खाडीच्या दलदलीत भर टाकून केलाय आणि मोठ्या भरतीला खाडीचं पाणी जमिनीपेक्षा वर असतं. म्हणून डच पद्धतीने सोय केली: पावसाचं पाणी नाल्यांतून आधी या तलावात येतं, तोंडाला एका बाजूनेच उघडणारी दारं, भरती आली की खाडीच्या दाबाने ती बंद होतात आणि पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की उघडतात आणि पाणी खाडीत जातं. पंप नाही, लाइट नाही, भारी डोकं आहे. पण तलावात गाळ साचत जातो, गाळावर खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायची तर कोर्टाची परवानगी, त्यामुळे गाळ काढायचं काम वर्षानुवर्षं लोंबकळतं. दरवर्षी थोडं कमी पाणी मावतं, आणि जोराचा पाऊस नि भरती एकत्र आली की ठरावीक सेक्टरांत गुडघाभर पाणी. कळंबोली २६ जुलै २००५ ला पाण्याखाली गेली होती ते तिथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत. घर जून-जुलैत बघावं, डिसेंबरमध्ये सगळे नोड सुंदर दिसतात.

ठाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे हीच गोष्ट उलटी घडली. नौपाडा कोणी सेक्टर पाडून आखला नाही. १८५३ ला रेल्वे, १८६३ ला नगरपालिका, मग वाडे, चाळी, त्यांच्या जागी बिल्डिंगा. पण स्टेशन, मार्केट, शाळा, तलावपाळी, कोपिनेश्वर मंदिर, डॉक्टर सगळं चालत, म्हणून जुने ठाणेकर लिफ्ट नसलेली बिल्डिंग सोडत नाहीत. घोडबंदर रोडला टाउनशिप मस्त, क्लबहाउस, पूल, सगळं, पण पाणी इतकं मागे पडलं की २०१७ मध्ये हायकोर्टाने तिथल्या नव्या बिल्डिंगांना ओसी, म्हणजे राहायला जायच्या परवानगीचा दाखला, द्यायचंच थांबवलं होतं.

आता सगळ्यांची नजर उलव्यावर. इथे क्रम पुन्हा वेगळाच आहे. २०१८ ला खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, ऑक्टोबर २०२५ ला शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे शिवडी वीस मिनिटांवर आणि विमान डोक्यावर. पण उलवे ना नवी मुंबई पालिकेत ना पनवेल पालिकेत. मूळ गावांना ग्रामपंचायती आहेत, सेक्टरचा कारभार सिडकोकडे. त्यामुळे तिथे रस्त्यावरचा दिवा बंद पडला किंवा गटार तुंबलं तर नगरसेवकाला फोन करायची सोय नाही, सिडकोच्या ऑफिसात अर्ज द्यायचा आणि पोच घेऊन ठेवायची.