चहा उकळा, कॉफी गळू द्या

मराठी घरात कॉफी होते ती बहुधा चहाच्याच पातेल्यात आणि चहाच्याच रीतीने. दूध, थोडं पाणी, साखर, चमचाभर पावडर, वरून किसलेलं जायफळ, दोन उकळ्या, गाळणं, कप. पावडर इन्स्टंट असेल तर या रीतीने फारसं बिघडत नाही. तिच्यातला अर्क कारखान्यातच काढून, वाळवून बरणीत भरलेला असतो, आपण फक्त तो पुन्हा पाण्यात किंवा दुधात मिसळतो. पण कुणी चिकमगळूरहून किंवा माटुंग्याच्या दुकानातून बियांची ताजी दळलेली पावडर आणली आणि तीही अशीच खळाखळा उकळली, की कडू, तुरट, जळकट पाणी हाती येतं. मग दोष जातो पावडरीला. ती बिचारी बहुतेक वेळा चांगलीच असते.

भाजलेल्या कॉफीच्या वजनातला जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला सगळा पेशीभित्तिकांचा चोथा. आता वाटेल, ते ३० टक्के पूर्ण काढले की झालं. तसं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात लोकांच्या पसंतीची आणि कपातल्या द्रावणाची सांगड घालायचा प्रयत्न केला, आणि त्यातून निघालेला आकडा आजही कॉफीवाले मानतात: पावडरीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर कॉफी बहुतेकांना आवडते. कारण सगळे पदार्थ एका वेगाने उतरत नाहीत. आधी आम्लं, क्षार आणि फळांसारखा वास देणारे हलके रेणू येतात. मग गोडसर, खरपूस चवीचे पदार्थ. आणि सर्वांत शेवटी, सावकाश, कडवट आणि तुरट जड रेणू. लवकर थांबलात तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, उशिरा थांबलात तर कडू. पातेल्यात उकळताना थांबायची जागा कधी निघून गेली ते कळतच नाही.

उकळण्याचा दुसरा तोटा नाकाशी आहे. भाजलेल्या कॉफीत ८००हून अधिक उडनशील संयुगं सापडली आहेत, आणि आपण ज्याला कॉफीची चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा म्हणजे हा वासच. पातेलं उकळताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो कपात यायचा होता. चहाला हे चालतं, कारण आपल्या सीटीसी, म्हणजे दाणेदार, चहाकडून आपल्याला मुख्यतः रंग, कडकपणा आणि आलं-वेलचीची साथ हवी असते, आणि त्यातली तुरटी दुधातली प्रथिनं बांधून ठेवतात. कॉफीला तो न्याय लावू नये.

बियांकडे वळू. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आज बाबाबुडनगिरी म्हणतात. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी अजूनही एकट्या कर्नाटकात, म्हणजे कोडगू, चिकमगळूर आणि हासन या पट्ट्यात होते. आपल्याकडेही मेळघाटात, चिखलदऱ्याला सातपुड्याच्या साधारण ११०० मीटर उंचीवर ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी आहे. तिचं प्रमाण अगदी थोडं, त्यामुळे तिथे गेलात आणि मिळाली तर घ्या.

जाती मुख्यतः दोन. अरेबिका उंचावर, थंडाव्यात वाढते, तिच्यात कॅफिन सव्वा टक्क्याच्या आसपास आणि चवीत आम्लता व सुवास जास्त. रोबस्टा सखल, उष्ण भागातही तग धरते आणि किडीला सहज बळी पडत नाही. तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट, चव कडक आणि जडसर. भारतात पिकणाऱ्या कॉफीत आता रोबस्टाच जास्त आहे. रोबस्टा म्हणजे हलका माल, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. दुधाच्या कॉफीत निव्वळ नाजूक अरेबिका घातली तर दुधापुढे तिचा आवाज उठत नाही. थोडी रोबस्टा असली की ती दुधालाही पुरून उरते.

दुकानातल्या फळीवर मात्र अरेबिका-रोबस्टापेक्षा 'प्लांटेशन ए', 'पीबी', 'चेरी' अशा चिठ्ठ्या दिसतात. प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका: फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन मग बी वाळवतात, त्यामुळे चव स्वच्छ आणि किंचित आंबटसर. चेरी म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवून नंतर साल काढलेली कॉफी, चवीला जास्त भरीव. पीबी म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया समोरासमोर असतात म्हणून त्यांची एक बाजू सपाट, पण काही फळांत एकच बी धरते आणि ती गोल होते. गोल बी भट्टीत सारखी फिरते म्हणून नीट भाजते, असं दुकानदार सांगतात. बाकी तिच्या नावावर लावलेला जादा भाव हा बराचसा हौसेचा भाग.

मॉन्सून्ड मलबार ही तर खास आपल्या पावसाची कॉफी. शिडाच्या जहाजांच्या काळात भारतातून युरोपला जाणाऱ्या बिया महिनोनमहिने दमट हवेत फुगायच्या, पिवळट पडायच्या आणि त्यांची आम्लता उतरायची. प्रवास वेगवान झाला तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव मिळेनाशी झाली. म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या वखारींत पावसाळ्यात बिया मुद्दाम पसरून, उलटसुलट करून खाऱ्या वाऱ्याला लावतात. ज्यांना कॉफीचा आंबटपणा सोसत नाही त्यांनी ही जरूर पाहावी.

कच्ची बी हिरवट आणि तिला कॉफीचा वास जवळजवळ नसतोच. तो सगळा भट्टीत जन्माला येतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते, बी तपकिरी होते. १९६ अंश सेल्सियसच्या आसपास आतली वाफ आणि वायू कोंडून लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. याच टप्प्याला पहिला क्रॅक म्हणतात. त्यानंतर लवकर थांबलं तर हलकी भाजणी, पुढे नेलं तर गडद. गडद भाजणीत आम्लं मोडतात, कडूपणा वाढतो आणि बियांवर तेल सुटतं. कॉफीचा कडूपणा म्हणजे कॅफिन हा समज खरा नाही. कॅफिनचा वाटा थोडाच. मोठा वाटा भाजताना बीतली क्लोरोजेनिक आम्लं मोडून तयार होणाऱ्या लॅक्टोन नावाच्या संयुगांचा आणि आणखी भाजलं तर त्यांच्याही पुढच्या संयुगांचा. दुधाच्या कॉफीसाठी मध्यम ते किंचित गडद भाजणी घ्यावी. काळीभोर, तेलकट बी पाहून 'स्ट्राँग' समजणं सोडून द्यावं. ती जास्त भाजलेली आहे, एवढंच तिच्याविषयी खात्रीने सांगता येतं.

भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि तो दिवसेंदिवस हळूहळू सुटतो. तो असेपर्यंत ऑक्सिजनला आत शिरायला तशी कमी जागा. दळलं की वायू भराभर निघून जातो आणि तेलं खवट व्हायला लागतात. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' हा मजकूर चवीच्या बाबतीत काहीच सांगत नाही. पावडर पंधरा दिवसांना पुरेल इतकीच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. फ्रिजमधून रोज काढली-ठेवली तर तिच्यावर दव धरतं.

चिकोरीचं काय? ती कासनी नावाच्या झाडाची भाजलेली मुळी, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन नाही. इन्युलिन नावाची शर्करामय साठवण आहे, जी भाजल्यावर कॅरमलसारखी होते आणि डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून गळणाऱ्या कॉफीच्या दाट अर्काला, रंग व दाटपणा देते. ती भेसळ नव्हे, पण स्वस्त आहे हे खरं, आणि भारतीय नियमानुसार मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते व प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते बारीक अक्षरांतलं छापलेलं जरूर वाचा, कारण ५३-४७ची पावडर घेऊन कॉफीची तुलना करण्यात अर्थ नाही. ८०-२० हे प्रमाण मला योग्य वाटतं. त्यापुढे कॉफीवर चिकोरी स्वार होते.

दळण्याचं गणित साधं आहे. १ मिलिमीटर बाजूचा घन घ्या, त्याचं पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर. त्याचे अर्ध्या मिलिमीटर बाजूचे आठ तुकडे केले की एकूण पृष्ठफळ १२ होतं. वजन तेच, पाण्याला भेटणारी जागा दुप्पट. म्हणजे दळण बारीक तितका अर्क लवकर. घरच्या मिक्सरची अडचण ही की त्याचं पातं बी दळत नाही, तोडतं. थोडी भुकटी होते, थोडे जाड कण राहतात. भुकटीतून कडूपणा उतरत असताना जाड कणांतून अजून आंबटपणाच येत असतो, आणि कपात दोन्ही एकदम. दोन दगडी किंवा पोलादी चकत्यांमधून दळणारी चक्की, कॉफीवाल्यांच्या भाषेत बर ग्राइंडर, हे टाळते. ती नसेल तर दुकानातूनच 'फिल्टरसाठी' असं सांगून दळून आणा.

पाण्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, आणि कपात ९८ टक्के तेच असतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चवीचे रेणू ओढून घ्यायला मदत करतात, बायकार्बोनेट मात्र आम्लं मारून कॉफी बेचव करतं. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, आरओच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे कॉफी सपक. धरणाचं नळाचं पाणी बहुधा ठीक. बोअर असलेल्यांनी निम्मं आरओ आणि निम्मं साधं मिसळून पाहावं.

आता फिल्टर. स्टीलचा, दोन मजली, कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळणारा. यापेक्षा महाग यंत्राची गरज आहे असं मला वाटत नाही. तळाला बारीक भोकं असलेल्या वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पावडर घालून हलकेच सपाट करा, वर छत्रीसारखी चकती ठेवा, पण दाबून बसवू नका. पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा म्हणजे ते ९० ते ९५ अंशांवर येईल. महाबळेश्वरला असाल तर थांबूच नका, तिथे पाणी मुळात ९५-९६ अंशांनाच उकळतं. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी ओता आणि अर्धा मिनिट जाऊ द्या. पावडर ताजी असेल तर फुगते, बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो आत राहिला तर पाण्याला कणांपर्यंत पोचू देत नाही. मग उरलेलं पाणी सावकाश ओता, एकूण १५० मिलिलिटर. पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली १०० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन मिळेल. तीन कपांना पुरे.

गळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. थेंब अगदीच थांबले तर वरचं भांडं क्षणभर उचलून पुन्हा ठेवा. दोन भांडी घट्ट बसली की खालची हवा अडकते आणि गळू देत नाही. तरीही थांबलेलंच असेल तर भोकं भुकटीने बुजली आहेत, दळण पुढच्या वेळी जरा जाड हवं.

दूध वेगळं तापवा आणि डिकॉक्शनवर ओता, डिकॉक्शन गॅसवर ठेवू नका. कॉफी तापवत ठेवली की तिच्यातल्या संयुगांपासून क्विनिक आम्ल वाढतं. हॉटेलातली बराच वेळ गरम ठेवलेली कॉफी घशाशी येते ती यामुळे. दुधातलं केसिन हे प्रथिन तुरटपणा बांधतं आणि स्निग्धांश वास धरून ठेवतो, म्हणून म्हशीच्या दुधाची कॉफी अधिक गोल लागते. जायफळ? अवश्य. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या बागांत होणारं हे फळ दुधाशी जमतं, कारण त्याचं सुगंधी तेल स्निग्धात विरघळतं. पण तेही उडनशील, तेव्हा आधी घालून उकळण्यापेक्षा गॅस बंद केल्यावर दुधात किसा, चिमूटभरच. जायफळाने झोप येते म्हणतात. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यापुढे चिमूटभर जायफळाचं काही चालेल असं वाटत नाही.

कप आंबट, पोकळ लागला तर दळण थोडं बारीक करा किंवा पाणी जास्त गरम घ्या. कडू लागला तर उलट. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर सुधारलं कशाने ते कळणार नाही. उरलेलं डिकॉक्शन फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. त्याच पावडरीवर पुन्हा पाणी घालून काढलेलं दुसरं डिकॉक्शन मात्र बहुतांशी तो शेवटचा कडवट भागच असतो. काटकसर म्हणून पहिल्यात चमचा-दोन चमचे मिसळा, निव्वळ पिऊ नका.

ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे पदार्थ असतात, ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवतात. पातेल्यात उकळलेल्या कॉफीत ते सर्वांत जास्त, स्टीलच्या फिल्टरमधूनही काही उतरतात, कागद मात्र ते जवळजवळ पूर्ण अडवतो. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात ठेवून कॉफी गाळली होती ती केवळ चोथा तोंडात येऊ नये म्हणून. तसला कागदी फिल्टर आता ऑनलाइन सहज मिळतो. त्यात दळण स्टीलच्या फिल्टरपेक्षा जरा जाड आणि पाणी १५ ग्रॅमला २५० मिलिलिटर घ्यायचं, आणि ती कॉफी बिनदुधाची प्यायची.