घरच्यांची सही म्हणजे रुग्णाची संमती नव्हे

‘नातेवाइकांची सही घेतली, आता काळजी नाही’ हा समज दवाखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. दिल्लीतल्या एका प्रकरणात फक्त दुर्बिणीने तपासणी ठरली होती. रुग्ण भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजांडकोश काढून टाकले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अमान्य ठरवली: रुग्ण सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. (भरपाई मात्र जेमतेम २५,००० रुपये!) २०१९ पासून एमबीबीएसला नीतिमत्ता आणि संवादाचे धडे आहेत, तरी फॉर्म अजून बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्याच हातात दिला जातो. रुग्ण बेशुद्ध आणि जिवावर बेतलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.